मालधक्का पलीकडे गेला तो हंगाम

कार्तिक लागला की आमच्या रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाने ठासून भरलेले ट्रक त्यांना घासून जातात आणि काट्यांवर पुंजके अडकून राहतात. नात ते गोळा करते आणि वाती वळायला माझ्या पुढ्यात आणून टाकते. मी वाती वळते. पण ते पुंजके पहिल्यांदा दिसतात त्या दिवशी पोटात, बेंबीच्या जरा वर, कुणीतरी दोरी आवळावी तसं होतं. दात गेले, पुष्कळांची नावं गेली, ही आवळण काही गेली नाही.

यंदा भरीला एक बातमी आली. मुलगा वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, आई, तुमच्या त्या जुन्या स्टेशनाचा फलाट वाढवणार आहेत, नवी इमारत होणार आहे. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मी विचारलं, "आणि मालधक्का?" तो माझ्याकडे बघत राहिला. धक्क्याचं काय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मी उठून बाहेर आले. दुपारभर अंगणात बसून राहिले आणि वाती वळायच्या राहून गेल्या.

ते स्टेशन मलकापूर आणि शेगावच्या मधल्या पट्ट्यातलं, लहानसं. नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची मुलंनातवंडं अजून तिथेच आहेत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. माझे वडील चिखलीला शाळामास्तर, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं, पण रेल्वे मी लग्नाआधी पाहिली नव्हती. हे तिथे मालबाबू होते. स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या पावत्या करणं आणि तो वेळेवर डब्यांत चढतोय की नाही ते पाहणं, हे त्यांचं काम. मालाच्या डब्याला तिकडे वाघीण म्हणतात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी हे जेवताना सहज म्हणाले, आज सहा वाघिणी आल्या आहेत, संध्याकाळपर्यंत राहतील. ते गेल्यावर मी दाराला आतून कडी लावली आणि अंधार पडेपर्यंत उघडली नाही. पुढे ही गोष्ट ते सगळ्यांना हसून सांगत. मीही हसत असे. पण त्या घरात माझी सुरुवात भीतीनेच झाली, हे खरं.

घर म्हणजे रेल्वेच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी रुळांकडे. खिडकीतून दगडी मालधक्का दिसे, त्याला लागून बाजूचा रूळ आणि त्यावर उभ्या वाघिणी. हंगामात पहाटेपासून गावातल्या दोन जिनांतून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांतून, बैलबंड्या येत. रुईच्या दाबलेल्या गठाणी, सरकीची पोती. त्या सरकीचा वास मला अजून येतो. तेलकट, कोमट, जरासा धुळीचा. इंजिनाच्या कोळशाचा धूर त्यात मिसळला की सगळं स्टेशनच जणू भुकेल्या पोटी चहा प्यायल्यासारखं जळजळायला लागे. धक्क्यावर बायका ओळीने बसून पोत्यांची तोंडं दाभणाने शिवत. त्यांची मुकादम गयाबाई. चाळिशीची, काटक, कमरेला सुतळी कापायचा लहान कोयता खोचलेला. मला पहिल्या वेळी बघून तिने विचारलं होतं, "नव्या बाई काय? भेऊन राह्यल्या काय?" मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नसेल.

दसऱ्यानंतर नव्या स्टेशनाचं काम निघालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. तिथे धड फलाटच नव्हता. बायका गाडीच्या पायरीवरून खडीत उड्या टाकत, म्हाताऱ्यांना दोघे जण उचलून खाली घेत. मी नवी नवरी म्हणून उतरले तेव्हा गुडघा फोडून घेतला होता आणि हळदीच्या अंगाने घरात शिरताना लुगड्याला रक्त लागलं होतं. आता लांब दगडी फलाट होणार, वर पत्रे, बायकांसाठी वेगळी खोली. गावात लोक हे एकमेकांना थांबवून सांगत.

मग कळलं की नवा फलाट येणार तो मालधक्क्याच्या जागेवर. काम चालेपर्यंत धक्का रुळांच्या पलीकडे नेणार. पलीकडे म्हणजे गाव एका अंगाला आणि धक्का दुसऱ्या अंगाला. प्रत्येक बंडीने दोन्ही मोठे रूळ ओलांडून जायचं. जिथून ओलांडायचं त्या जागेला फाटक नव्हतं. रुळांच्या मध्ये फळ्या टाकल्या होत्या आणि हातात लाल-हिरवी निशाणं घेऊन एक माणूस उभा केला होता. त्या जागेच्या पूर्वेला लाईन वळण घेऊन खोल खोदलेल्या वाटेतून येते. गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

एवढ्यावर भागलं नाही. एका संध्याकाळी हे घरी आले ते टोपी न काढताच पाटावर बसले. हळू आवाजात म्हणाले, की फलाट झाल्यावर धक्का परत येणार नाही असं दिसतंय. नकाशात त्याला जागाच नाही. सगळा माल मोठ्या स्टेशनात चढवायचा असं वर चाललं आहे. मोठं स्टेशन म्हणजे बैलांना एक पूर्ण दिवस आणि वर थोडं. जिनवाले म्हणत होते, तसं झालं तर जिनच तिकडे नेऊ. जिन गेल्या तर बंडीवाले गेले, पोती शिवणाऱ्या बायका गेल्या, पूर्णेकाठच्या खेड्यांतून कापूस आणणाऱ्यांना दारचा बाजार गेला. मी विचारलं, मग तुम्ही वर कळवा ना. ते म्हणाले, दोनदा लिहिलं. फाटकाबद्दलही लिहिलं. मोठे मास्तर, म्हणजे स्टेशनमास्तर, त्यांना बोलावून म्हणाले होते की तिसरं पत्र लिहिलंत तर पुढचं पत्र तुम्हाला येईल.

त्या रात्री मला पहिल्यांदा बाळ हललेलं जाणवलं. मी यांना सांगितलं नाही. त्यांचा चेहरा तसा नव्हता.

भीतीलाही रोजची कामं असतात. माझ्या भीतीचं काम घंटा ऐकणं हे होतं. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की आमच्याकडे घंटा वाजे. घंटेपासून गाडी येईपर्यंत माझ्या चार भाकरी होत. डाकगाडी असली तर जेमतेम चार, मालगाडी असली तर सहा-सात. घंटा झाली की मी हातातली भाकरी थापता थापता खिडकीबाहेर बघे. बंड्या ओळीने ओलांडत असायच्या. एक भाकरी. दुसरी. निशाणवाला लाल निशाण धरायचा, पण मागच्या बैलांना पुढच्या बैलांच्या मागे जायची सवय, ते थांबत नसत, आणि धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारा, शेपूट पिळून त्यांना पळवायचा. तिसरी. मी तव्याकडे बघायचं विसरे. किती भाकऱ्या जळल्या त्याला गणती नाही. हे जेवायला बसले की काळी भाकरी मुकाट्याने खात. का जळली असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

आजही एस.टी. रेल्वे फाटकाशी थांबते तेव्हा बाकीचे प्रवासी वैतागतात. मी पदर घट्ट धरून बसते आणि गाडी निघून गेली की मगच श्वास सोडते. शेजारची बाई विचारते, मळमळतंय का आजी. मी हो म्हणते. सोपं पडतं.

पौष उजाडला. पूर्णेकडून सकाळी धुई यायची, ती अशी दाट की खिडकीपासून तुळशीचं वृंदावन दिसत नसे. त्या आठवड्यात मी आणखी एक पाहिलं. निशाणवाला सकाळी त्याच्या जागेवर नसे. उजाडताना तो खिडकीसमोरून डोक्यावर दगडाची पाटी घेऊन फलाटाच्या कामाकडे जाताना दिसे आणि ऊन चढल्यावर निशाणं घेऊन परत येई. फलाटाला माणसं कमी पडत होती, साहेब बघायला येणार होते. मी यांना सांगितलं. यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, चार दिवसांचा प्रश्न आहे.

त्या सकाळी घंटा झाली तेव्हा माझी पहिली भाकरी तव्यावर होती. बाहेर नुसतं पांढरं. बंड्या दिसत नव्हत्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत होती. एक बंडी गेली, पलीकडे उतरली. दुसरीची घुंगरं सुरू झाली, फळ्यांवर चाकं खडखडली, आणि मध्येच आवाज थांबला.

घुंगरं वाजत होती तोवर मी घाबरलेली होते. ती थांबली तेव्हा जे झालं त्याला माझ्याकडे शब्द नाही. पिठाचे हात तसेच, अनवाणी, मी रुळांलगतच्या कुंपणापर्यंत धावले. निशाणवाला जागेवर नव्हता. फळी निखळलेली होती आणि चाक रूळ नि फळीच्या मधल्या खडीत रुतलं होतं. बंडीवर चार गठाणी. ती गयाबाईच्या दिराची, किसनची बंडी होती. तो चाकाला खांदा लावून ओरडत होता. पलीकडून बायका धावत आल्या, चाकाला भिडल्या. चाक हललं नाही. गयाबाईने कमरेचा कोयता काढला आणि बैलांना जुवाला बांधणारी त्यांच्या गळ्यातली जोती कापली, एक, मग दुसरं. बैल सुटून माझ्या समोरून धुईत गेले. किसन मात्र बंडी सोडेना. तिला चिकटूनच होता, जणू ती त्याचं ऐकेल. रूळ बारीक थरथरायला लागले. ते मी पाहिलं की कानाने ऐकलं की पायाला कळलं, सांगता येत नाही. गयाबाईने दिराचं धोतर कमरेशी धरलं आणि त्याला ओढून खाली पाडलं, आणि त्याच्या अंगावर बसली.

इंजिनाची शिट्टी, ब्रेकांची किंचाळी, मग लाकूड मोडल्याचा आवाज. तो एवढा लहान वाटला. मग सगळीकडे कापूस. गठाण फुटली की रुई किती होते ते सांगून खरं वाटत नाही. ती धुईत उडत होती आणि धुई कुठली नि रुई कुठली ते ओळखता येत नव्हतं. तारायंत्राच्या तारांवर ती पुढे महिनाभर लोंबत होती.

कुणी मेलं नाही. किसनचा हात खांद्यातून निखळला. गाडीतली माणसं हादरली, पण डबे रुळांवर राहिले. मी कुंपणाशी बसले होते, दोन्ही हात पोटावर. बाळ हलत नव्हतं. दुपारपर्यंत हललं नाही. मी कुणाला बोलले नाही, नुसती वाट बघत राहिले. ते हललं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

पण खरी भीती त्यानंतर आली. चौकशी लागली. रेल्वेचे साहेब आणि मलकापूरचे तहसीलदार दोघंही येणार होते. आदल्या संध्याकाळी मास्तर आमच्या घरी आले. आत बसले, चहा घेतला, माझी विचारपूस केली. मग यांना म्हणाले, तुम्ही लिहून द्यायचं की निशाणवाल्याने लाल निशाण दाखवलं होतं आणि धुरकऱ्याने ऐकलं नाही. निशाणवाला तसंच सांगणार आहे, त्यालाही लेकरं आहेत. तुमच्या घरात आता पाळणा हलणार, घर सोडायची वेळ येऊ नये असं मला वाटतं. ते अगदी मायेने बोलत होते. म्हणूनच जास्त भीती वाटली.

ते गेल्यावर मी यांना विचारलं, तसं लिहिलं तर काय होईल? हे म्हणाले, किसनवर खटला होईल. आणि बंडीवाले बेशिस्त आहेत, त्यांच्यामुळे डाकगाडी उलटता उलटता वाचली, असं कागदावर आलं की धक्का कायमचा गेला. वरच्यांना तेवढंच हवं आहे. मी विचारलं, आणि नाही लिहिलं तर? ते उठले. कंदील घेऊन माल ऑफिसात गेले आणि उशिरा आले.

सकाळी गयाबाई मागच्या दारी आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमाले त्या खिडकीतून सारं दिसते. आमी सांगतलं त कोनी लिहून घेत नाई. तुमी सांगान काय?"

मी म्हटलं, माझ्या यजमानांची नोकरी जाईल.

तिने मान हलवली. रागावली नाही. म्हणाली, "हाव, ते त हाये. मले बी तेच भेव होतं तुमाले इचारताना." आणि गेली नाही. तशीच उभी राहिली. मला तिच्या हातांवर जोती कापताना झालेल्या जखमा दिसत होत्या. मी डोक्यावरून पदर घेतला आणि चपला घातल्या. मी शूर नव्हते. खरं सांगते, घरात बसून घंटा ऐकणं मला त्या क्षणी जास्त भीतीचं वाटलं.

स्टेशनाबाहेर लिंबाखाली टेबल मांडलं होतं. हे ऑफिसात होते, त्यांना अजून बोलावलं नव्हतं. मला बघून मास्तर उठले, म्हणाले घरातल्या मंडळींची इथे गरज नाही. तहसीलदार वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं आणि मला विचारलं, काय पाहिलंत? पहिलं वाक्य निघेना. मग मी मोठ्याने, गरजेपेक्षा फारच मोठ्याने म्हणाले, "निशाणवाला तिथे नव्हता. आठ दिवस झाले, सकाळी तो फलाटाला दगड वाहतो."

घंटेपासून गाडी येईपर्यंत किती वेळ मिळाला तेही सांगितलं. तहसीलदारांनी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी विचारलं, ही वेळ कशी सांगते, हिच्याकडे घड्याळ आहे का? मी घंटा नि भाकरीचं सांगितलं. कुणीतरी हसलं. तहसीलदार हसले नाहीत. ते उठले, आमच्या स्वयंपाकघरात आले, चुलीपाशी माझ्या जागी उभे राहून खिडकीतून बघितलं. तेवढ्यात एका मालगाडीची घंटा झाली. ती येईपर्यंत ते तिथेच उभे राहिले आणि समोरून किती बंड्या गेल्या ते बघत राहिले. गाडी गेल्यावर त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

परत लिंबाखाली आल्यावर त्यांनी गयाबाईला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "टेसन होऊ द्या साहेब. आमच्या बी लेकीबाई उतरतीन तिथं. पन आमचा धक्का नेऊ नका, आन रस्ता ठेवा." तिने एवढंच म्हटलं. तहसीलदारांनी ते जसंच्या तसं मराठीत लिहून घेतलं. मी वाचलं.

नंतर यांना बोलावलं. मी तोवर घरी आले होते. ते तिथे काय बोलले ते मला कळलं नाही. घरी आले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. चार दिवस आमच्यात जेवणाखाणापलीकडे शब्द झाला नाही. मी समजले ते समजले.

आठवड्यात तिथे फाटक बसलं, दोन पाळ्यांचे फाटकवाले आले. किसनवर काही झालं नाही. मास्तरांनाही काही झालं नाही. होळीच्या सुमारास नवा नकाशा आला. फलाट पूर्वेकडून आखूड झाला आणि त्या उरलेल्या जागेत, गावाच्याच अंगाला, मालधक्का आणि त्याचा स्वतंत्र रस्ता आला. जिन कुठे गेल्या नाहीत. यांची मात्र बदली झाली, दूर, जिथे दिवसाला एक गाडी थांबे अशा ठिकाणी. वैशाखात मुलगी झाली. ते स्टेशन पूर्ण झालेलं मी फार वर्षांनी, गाडीतून जाताना पाहिलं. दोन मिनिटं.

पुढे यांनी नोकरी संपवली आणि आम्ही बुलढाण्याला राहायला आलो. तिथे रेल्वे नाही, म्हणूनच मी तो गाव निवडला असं हे चिडवत. एका दुपारी मी सुपात ज्वारी पाखडत होते आणि हे ओसरीवर पडले होते. काही संदर्भ नसताना म्हणाले, "त्या दिवशी मी सही केली होती."

मी विचारलं, कशावर.

ते म्हणाले, मास्तरांनी सांगितलं होतं त्याच मजकुरावर. आदल्या रात्री ऑफिसात बसून लिहिलं, सही केली, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. सकाळी आत बसलो होतो, नाव पुकारलं की तेवढा कागद द्यायचा आणि यायचं. मग बाहेरून तुझा आवाज आला.

मी सूप खाली ठेवलं. इतकी वर्षं मी समजत होते की तेव्हा ते माझ्यावर रागावले होते. ते छताकडे बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. आम्ही दोघं त्या चार दिवसांत एकाच घरात, एकाच चुलीपाशी, सारखेच भ्यालेले होतो आणि एकमेकांना ते कळू दिलं नव्हतं, याचंच वाईट वाटलं. मी विचारलं, मग त्या कागदाचं काय केलंत.

"चुलीत घातला," ते म्हणाले. "तहसीलदार गेल्यावर घरी आलो तेव्हा तू पाठमोरी होतीस, चहा ठेवला होतास. तुला कळलं नाही. त्याच्यावरच चहा उकळला, आणि आपण दोघं तो प्यायलो."